‘शिसे’ खोडून ‘लीड’

आमच्या कचेरीत मराठी वरून आली. खालून कोणी मागितलेली नव्हती, कारण खाली सगळे मराठीतच भांडत होते. ऐंशीच्या दशकातली पहिली वर्षं असतील. एके सकाळी परिपत्रक आलं की यापुढे निविदा, करारनामे, अटी-शर्ती, सगळं मराठीत हवं. त्या दिवसापासून रत्नागिरीतल्या त्या बैठ्या कौलारू कचेरीत मराठीचे जे हाल सुरू झाले, ते माझ्या दहा बोटांनी झाले. मी तिथे टंकलेखिका होते. कचेरीचं नाव सांगत नाही. सरकारी इमारती बांधायच्या आणि बांधलेल्या पुन्हापुन्हा दुरुस्त करायच्या, हे तिचं काम. नाव सांगावं असं तिने माझ्यादेखत काही केलेलं नाही.

भाषांतराचं काम हेडक्लार्ककडे गेलं. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. साहेब बदलून जायचे, भाऊ जागचे हलायचे नाहीत. त्यामुळे त्यांचा असा समज झाला होता की खातं त्यांच्या खुर्चीखालून सुरू होतं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं असं नाही. तीस वर्षं तेच तेच कागद पुढे सरकवल्यावर जेवढं येतं तेवढं येत होतं. मराठी तर त्यांना आईच्या पोटातून येत होतं, म्हणून त्यांनी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्यांनी मॅनहोलचं ‘मनुष्यछिद्र’ केलं. खिडकी नसलेल्या भिंतीला ‘आंधळी भिंत’ म्हटलं. हे मी जसंच्या तसं टाइप केलं, आणि ते वरच्या कचेरीने मंजूर केलं, आणि एका पाहुण्या अधिकाऱ्याने भाषणात आमच्या कचेरीच्या मराठी बाण्याचं कौतुक केलं. भाऊ त्या दिवशी कडक इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

करारनाम्याच्या शेवटी एक पान असायचं. मजुरांच्या सुरक्षेचं. ते इंग्रजीत वर्षानुवर्षं प्रत्येक कराराला जोडलेलं होतं आणि माझी खात्री आहे की ते कोणीही वाचलेलं नव्हतं. ठेकेदार त्याच्यावर सही करायचा ती सुद्धा दुसरीकडे बघत. कोणी वाचत नाही म्हणूनच भाऊंनी ते पान माझ्याकडे टाकलं. “तू कर गो एवढं,” म्हणाले. “शिडी, दोरी, पहाड, असलं काहीतरी आहे.”

शिडी, दोरी आणि पहाड, म्हणजे बांबू-वाशांची परांची, होतेच. त्याखाली रंगकामाचं कलम होतं. त्यात एक शब्द होता तो मला अडला. वाचनालयात जाऊन जाडा कोश काढला, तर शिसं. मग कलम सरळ उलगडलं. शिसे असलेल्या रंगाच्या कामावर स्त्रियांना आणि अठरा वर्षांखालील व्यक्तींना लावू नये. असा रंग कोरडा घासताना किंवा खरवडताना मजुरांना मुखवटे द्यावेत. अंगावर घालायला कपडे द्यावेत. काम चालू असताना आणि संपल्यावर हातपाय धुण्याची सोय करावी. इतकं सोपं मराठी त्या कचेरीतून त्याआधी बाहेर पडलं नव्हतं. मी खुशीत सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल कापली.

भाऊंनी ती उजेडाला धरून वाचली आणि हसले.

“शिसं? रंगात?”

“कोशात तसंच आहे, भाऊ.”

“शिसं पेन्सिलीत असतं. शिसपेन्सिल म्हणतात ती उगाच? पोरं शाळेत दिवसभर चावतात. मेलं का कोण?”

मी म्हटलं, पेन्सिलीतलं शिसं वेगळं, ते नुसतं नावाला शिसं. त्यांनी चष्मा काढला. हाताखालच्या माणसाला अक्कल शिकवायची असली की ते चष्मा काढायचे. मग त्यांनी मला जो शब्द सांगितला तो आमच्या कचेरीत दिवसातून पन्नासदा कानावर पडायचा. लीड. माल किती लांबून वाहून आणायचा ते अंतर म्हणजे लीड. रेतीचा लीड, जांभ्याचा लीड, पाण्याचा लीड. ठेकेदार लीडवरून भांडायचे, ओव्हरसियर लीड मापायला जायचे, दर ठरायचा तो लीडसकट. आणि इंग्रजीत ह्या लीडचं आणि त्या शिशाचं स्पेलिंग एकच. उच्चार निराळा, अक्षरं तीच.

“हा लीड आहे. वाहतुकीचा,” भाऊ म्हणाले. “बायांनी आणि पोरांनी लांबून डबे वाहायचे नाहीत, असं आहे ते. सरकार काय खुळं आहे, रंगाला घाबरायला?”

“मग मुखवटे कशाला?”

“ते तूच सांग. मुखवटे घालून काय नमन-खेळे उभे करायचेत?”

सगळी कचेरी हसली. मी पण हसले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी स्वतःला बरीच वर्षं असं सांगत आले की मी तेव्हा वाद घातला होता. वाद घातला नव्हता. मी कायम व्हायची होते, आणि माझा गोपनीय अहवाल साहेबांच्या नावाने भाऊच लिहायचे. स्टेन्सिलवर चूक झाली की लावायचं एक लाल द्रावण असायचं, नखाच्या रंगासारखं. ते मी ‘शिसे’वर लावलं, फुंकर मारून वाळवलं, आणि त्याच जागी ‘लीड’ टाइप केलं. दोन्ही शब्द सारख्याच लांबीचे. बरोबर मावला.

त्यामुळे कलम असं झालं: लीड असलेल्या रंगाच्या कामावर स्त्रियांना लावू नये. असा रंग कोरडा घासताना मजुरांना मुखवटे द्यावेत. दुसऱ्या वाक्याला काही अर्थच उरला नव्हता. पण अर्थ नसलेली वाक्यं आमच्या कचेरीतून कोणाच्या डोळ्यांवर न येता पार पडायची. अर्थ असलेल्यांचीच अडवणूक व्हायची.

त्याच उन्हाळ्यात आमच्या वसाहतीची दुरुस्ती निघाली. वसाहत म्हणजे चढावरची जुन्या घरांची एक ओळ, गोऱ्या साहेबाच्या राज्यात बांधलेली. त्यातलं टोकाचं घर मला आणि माझ्या आईला मिळालेलं. भिंती जांभ्याच्या आणि दारं सागवानी. सागवानी आहेत हे ऐकून माहीत, कारण दिसायचा तो रंगच. प्रत्येक साहेबाने आपल्या आवडीचा एक हात मारून घेतलेला. नख लावलं की वर हिरवा, खाली पिवळट, त्याखाली राखी, त्याखाली पांढरा. त्या रंगांची साल भाकरीच्या पापुद्र्यासारखी उचकटून यायची. आता ठरलं असं की सगळा जुना रंग लाकडापर्यंत काढायचा आणि नवा द्यायचा.

ठेकेदार घाटावरून येऊन इथे जम बसवलेला. गोड बोलायचा, सगळ्यांना ‘दादा’, ‘ताई’ करायचा, आणि कोणाचंही ऐकायचा नाही. त्याचा माल खालच्या रस्त्यावर उतरायचा. तिथून वर जायला जांभ्याच्या पायऱ्यांची घाटी. रंगाचे, तेलाचे डबे डोक्यावर घेऊन ती घाटी चढायच्या पाच-सहा बायका. त्यांतली एक मधल्या सुट्टीत आमच्या पडवीत पाणी प्यायला यायची. संगमेश्वराकडच्या आतल्या गावची. नवरा मुंबईला. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच तिला दिवस राहिले होते. तिसरा महिना चालू होता. हे तिने माझ्या आईला पहिल्याच दिवशी सांगितलं, न विचारता. सात वर्षं लोकांनी विचारून विचारून जीव खाल्लेला असला की माणूस आनंदाची बातमी वाटेल त्याला देत सुटतो.

“डबा डोईवर घेतला का पोटात वढ लागता,” ती आईला म्हणाली. “पन सांगू कोनाला?”

आईने माझ्याकडे बघितलं. तू कचेरीत आहेस ना, असं त्या बघण्यात होतं. मी मान खाली घालून पोह्यांतले खडे निवडले.

पण मला काही करावंच लागलं नाही. कचेरीने आपण होऊन केलं. आमचे उपअभियंता, म्हणजे ज्यांना आम्ही नुसते साहेब म्हणायचो ते, पुण्याकडून नव्याने आलेले. तरुण होते आणि घाईत होते. वरून पत्र आलं की मराठीत केलेल्या अटींची अंमलबजावणी काय केली ते कळवा. साहेबांनी भाऊंना बोलावून विचारलं, यातली कोणती अट आठ दिवसांत पाळून दाखवता येईल? शिड्या बदलणं शक्य नव्हतं. पहाडाच्या वाशांना हात लावणं शक्य नव्हतं. हातपाय धुण्याची सोय म्हणजे विहीर, ती होतीच, असं लिहून टाकलं. मग भाऊंनी रंगाचं कलम काढलं. “ही बघा साहेब, फुकट आहे. बायांनी डबे वाहायचे नाहीत.”

साहेबांना इतका आनंद झाला की ते स्वतः जागेवर आले, कागद हातात घेऊन. ठेकेदाराला उन्हात उभं करून त्यांनी कलम मोठ्याने वाचून दाखवलं. स्त्रियांना लावू नये. ठेकेदाराने हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून डबे गडी वाहायला लागले आणि बायका आत गेल्या. सावलीत. बसून करायच्या कामाला. रंगारी ज्योतीचा झोत मारणारा दिवा धरून जुना रंग भाजायचा, तो फुगला की बायकांनी पत्र्याने खरवडायचा, आणि राहिलेला पॉलिशपेपरने घासून काढायचा. कोरडा. पाणी मारून घासलं तर लाकूड वाळायची वाट बघावी लागते, आणि ठेकेदाराला पावसाआधी बिल काढायचं होतं.

म्हणजे ज्या एका कामापासून बाईला लांब ठेवा असं त्या कागदावर लिहिलेलं होतं, त्याच कामावर त्या कागदाने तिला नेऊन बसवलं. आणि आम्ही सगळे आपापल्या जागी प्रसन्न होतो. साहेबांनी अहवाल पाठवला. भाऊ म्हणाले, बघ, मराठीत लिहिलं की गरिबाला न्याय मिळतो. आणि मी? मीही. पोटुशी बाई उन्हातून सावलीत आली, ओझ्यावरून बैठ्या कामावर आली, आणि ते माझ्या स्टेन्सिलमुळे. मला त्या दिवसांत स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं. त्या वाटण्याची आठवण झाली की अजून शिसारी येते.

ती दारं घासत घासत ओळीने पुढे सरकली आणि शेवटी आमच्या घराशी आली. आमचं पुढचं दार तिनेच घासलं. दोन बिजागऱ्या काढून दार पडवीत आडवं घातलेलं, आणि ती त्याच्यावर ओणवी. धुरळा उडायचा तो पिठासारखा बारीक. तिच्या भुवयांवर, पापण्यांवर, पदरावर, पाण्याच्या तांब्याच्या काठावर बसायचा. तशीच उठून ती हात पदराला पुसायची आणि भाकरी सोडायची. विहीर घाटीच्या खाली. अर्ध्या तासाच्या सुट्टीत तिथे जाऊन हात धुणार कोण?

“काम कसं आहे?” मी एकदा विचारलं. मला आभार ऐकायचे होते, दुसरं काय.

“बरा हाय, बाय. बसून कराचा. नायतर त्या घाटीन मारलान असता मला.” मग तिने ओठांवरून जीभ फिरवली. “ही पूड पन गोड लागता ओ.”

“गोड?”

“व्हय. साखरेवानी.”

आम्ही दोघी हसलो. आई म्हणाली, डोहाळे गं, दुसरं काय. मला तुझ्या वेळी भाजलेली माती खावीशी वाटायची.

पुढच्या दोन महिन्यांत तिचं पोट दुखायला लागलं. मुरडा यायचा, शौचाला व्हायचं नाही, डोकं धरायची. चेहरा धुवून निघालेल्या कपड्यासारखा झाला. ज्याने त्याने ते त्या पोराच्या खात्यावर टाकलं. आई तिला आल्याचा रस द्यायची. मुकादम म्हणाला, पहिलटकरणी नखरे करतात. कागदावर मुळात काय लिहिलेलं होतं हे त्या सगळ्या आवारात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस रोज सकाळी तिच्या अंगावरून, पायाखालचा धुरळा चुकवत, साडीच्या निऱ्या उचलून कचेरीला जायचा. मी एकदाही म्हटलं नाही की तो शब्द काय होता. खरं सांगायचं तर मला तो आठवत नव्हता असंही नाही. आठवायचा, आणि मी म्हणायचे, भाऊंना कळत असेल; इतक्या वर्षांची नोकरी आहे.

पाचवा महिना भरत आला असताना एका दुपारी आमच्याच पडवीत तिला कळा सुरू झाल्या. आईने निरोप पाठवला, मी कचेरीतून धावत आले. रिक्षा मिळेपर्यंत आम्ही तिला घाटी उतरवली. पेठेत एक डॉक्टरीण होत्या, म्हाताऱ्या, तोंडाच्या फटकळ. तिथे पोचलो, पण व्हायचं ते वाटेतच होऊन गेलं होतं. मुलगा होता.

डॉक्टरीणबाईंनी सगळं आवरल्यावर तिचा ओठ अंगठ्याने वर करून हिरड्या बघितल्या. तिथे दातांच्या कडेने निळसर काळी रेघ होती.

“काय काम करते ही?”

मी सांगितलं.

“जुना तेलरंग? कोरडा घासते? तोंडाला फडकं तरी बांधते का?” मी नकारार्थी मान हलवली. “रंगात शिसं असतं, माहीत आहे का तुम्हाला लोकांना? कचेरीत कामाला आहात म्हणता. एक नियम नाही का तुमच्याकडे?”

“त्याच्यामुळेच झालं का?” मी विचारलं. त्यातही मला ‘नाही’ ऐकायचं होतं.

“ते मी छातीठोक नाही सांगू शकत. बायकांचं असंही जातं. पण ही रेघ अशीच येत नाही.” त्या हात धुवायला गेल्या. खूप वेळ धूत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी आधी ठेकेदाराला गाठलं. का, कोण जाणे. त्यातल्या त्यात त्याच्याशी भांडणं सोपं होतं, म्हणून असेल. त्याला म्हटलं, तुमच्या रंगात शिसं आहे, तुमच्या तांबड्या प्रायमरमध्ये तर नुसतं शिसंच आहे.

“तांबडा प्रायमर?” तो हसला. “ताई, तो शेंदूर आहे शेंदूर. आम्ही गजांना मारतो तोच मारुतीला लागतो. शंभर वर्षं थापतायत लोक. मारुतीला काही झालं का?”

शेंदूर शिशाचाच असतो आणि मारुती श्वास घेत नाही, या दोन्ही गोष्टी त्याच्या लक्षात आलेल्या नव्हत्या. भोवतीचे रंगारी माना डोलावत होते. शेंदूर म्हटल्यावर विषय संपला. आमच्याकडे कशालाही शेंदूर फासला की त्याला प्रश्न विचारायचा नसतो, आणि इथे तर खुद्द शेंदुराबद्दलच प्रश्न विचारायला मी आले होते.

ती वीस-पंचवीस दिवसांनी परत कामावर आली. नवरा येऊन, दोन दिवस राहून, परत मुंबईला गेला होता. मुकादमाने तिला पुन्हा त्याच कामावर बसवलं, आमच्याच मागच्या दारावर. ते बघितल्यावर मात्र माझ्याने राहवलं नाही. मी भाऊंसमोर कोश नेऊन ठेवला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. भाऊंनी चष्मा काढला नाही. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती दोनदा वाचली. त्यांचा चेहरा पडला होता, आणि क्षणभर मला वाटलं की हा माणूस आता काहीतरी माणसासारखं बोलेल.

“हे दुरुस्त करायला हवं,” ते म्हणाले. “पण कसं करायचं? मला रंगात शिसं असतं हे माहीत नव्हतं, असं कसं लिहायचं शुद्धिपत्रकात?”

बाई मेली असती तरी त्यांना पहिला प्रश्न तोच पडला असता. साहेबांना तर तेवढाही पडला नाही. अहवाल आधीच वर गेलेला होता, कौतुकाचं पत्रही आलेलं होतं. त्यात आता चूक निघणं त्यांना परवडणारं नव्हतं. दोघांनी दार लावून तास-दीड तास खल केला आणि मला मसुदा दिला. ‘टंकलेखनातील नजरचुकीमुळे सुरक्षा अटींतील रंगकामाच्या कलमात “लीड” असा शब्द पडला आहे. त्याऐवजी “शिसे” असे वाचावे.’

टंकलेखनातील. म्हणजे मी.

मी भाऊंकडे बघितलं. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. “तुझं काही बिघडणार नाही,” ते म्हणाले. “नजरचुकीला कोणी काही करत नाही. मी बघतो ना.” आणि त्यांनी खरंच बघितलं. पुढच्याच महिन्यात मी कायम झाले. ते शुद्धिपत्रक मीच टाइप केलं, सात प्रतींत, एकही खाडाखोड न करता. मनात म्हटलं, जाऊ दे, शब्द तरी जागेवर आला. निदान आता नियम पाळला जाईल.

नियम पाळला गेला. त्या कचेरीच्या इतिहासात इतक्या तंतोतंत दुसरा कुठला नियम पाळला गेला असेल असं मला वाटत नाही. साहेबांनी ठेकेदाराला पुन्हा उन्हात उभं करून कागद वाचून दाखवला. शिसे असलेल्या रंगाच्या कामावर स्त्रियांना लावू नये. ठेकेदाराने पुन्हा हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाटीच्या पायथ्याशीच मुकादमाने सगळ्या बायकांना परत फिरवलं. डबे वाहायला गडी होतेच, खरवडायलाही तेच बसले. मुखवटे आले नाहीत. कपडे आले नाहीत. विहीर जिथे होती तिथेच राहिली. अठराच्या आतलं कोणी कामावर नाही, असं ठेकेदाराने लिहून दिलं. गडी पूर्वीसारखेच कोरडं घासत होते, पूर्वीसारखेच पिठाने माखत होते, फक्त आता ते नियमानुसार होतं. अख्ख्या कलमातला जो भाग बायकांना घरी पाठवून पुरा होतो तेवढाच आमच्या लोकांना वाचता आला. वाचायची इच्छा असेल तेवढंच वाचता येतं, आणि त्या बाबतीत आमची कचेरी चांगलीच साक्षर होती.

ती तशीच वर आमच्या घरी आली. आई देवळात गेलेली. मी कचेरीला निघायच्या तयारीत होते. तिला पडवीत बसवलं, चहा दिला. तिने कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, “कामाव नको म्हनतायत. कागद आलाय म्हनं. बायांना नाय.”

“हो.”

“पयल्यांदा पन कागदच आलेला. तवा डबं नको, खरवडा म्हनलं. आता खरवडू पन नको. कागद एकच ना?”

“एकच.” मग मी तिला समजावून सांगायला लागले. त्या रंगात विष असतं. ती पूड गोड लागते ती त्यामुळेच, आणि पोटात गेली की बाईला फार वाईट. हा नियम तुझ्या भल्यासाठीच होता, तो नीट लिहिला गेला असता तर तुला त्या कामाला कोणी बसवूच शकलं नसतं. एक शब्द चुकला. तो माझा नाही. कागदावर माझं नाव आलं, पण चूक माझी नव्हती. भाऊंनी मला बदलायला लावला.

ती ऐकत होती. मला वाटलं तिला नीट कळत नाहीये. म्हणून मी आणखी सोपं करून सांगितलं. आजही कळत नाही की मला कोणाची साक्ष हवी होती, आणि ती मी तिच्याकडे का मागत होते.

“अगं, मी पहिल्यांदा बरोबरच लिहिलं होतं,” मी म्हटलं. “शिसं असंच लिहिलं होतं. बायकांना त्या कामाला लावू नये, असंच.”

तिने माझ्याकडे बघितलं.

“म्हंजे तुमाला म्हाईत व्हता,” ती म्हणाली.

ती भांडली असती तर मीही भांडले असते. माझी बाजू मी पाठ करून ठेवली होती. ती भांडली नाही. उरलेला चहा तिने पायरीखाली ओतला, कप विसळून पालथा घातला आणि घाटी उतरून गेली.